लहान मुलांना घेऊन शिडाच्या बोटीतून किनाऱ्यालगतची पहिली सफर

लहान मुलं बरोबर असली की बोट एका माणसाला एकट्याने चालवता आली पाहिजे. या लेखातलं जवळपास सगळं याच एका अटीतून येतं. आई, बाबा आणि दोन मुलं निघाली की मोजायला खलाशी दोन असतात, कामाला मात्र एकच मिळतो. शिडाची बाजू बदलायची वेळ आणि धाकट्याला शू लागायची वेळ हमखास एकच येते. बंदरात शिरताना दोघांचेही हात दोऱ्यांवर हवे असतात आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी केबिनमध्ये रडायला लागतं. दोघंही मोठे बोटीत गुंतले आहेत आणि मुलांकडे कोणाचंच लक्ष नाही, अशी दोन-तीन मिनिटंच घातक ठरतात. म्हणून बोट, मार्ग, वारा आणि वेळ असं निवडायचं की ती दोन-तीन मिनिटं येऊच नयेत.

पुढचं सगळं साधारण दोन ते दहा वर्षांची मुलं असलेल्या कुटुंबांसाठी आहे. दिवसा थोडा प्रवास, रात्री बंदरात किंवा आडोशाच्या खाडीत मुक्काम, अशी दोन-चार दिवसांची सफर इथे गृहीत धरली आहे. खुल्या समुद्रातला रात्रभराचा प्रवास पहिल्या वर्षी मनातही आणू नका.

आधी माणसं

मोठ्यांपैकी किमान एकाला बोट स्वतःच्या बळावर हाताळता यायला हवी. इंजिनवर धक्क्याला लावणं, शिडं चढवणं-उतरवणं, वारा वाढला की रीफ घेणं म्हणजे शीड थोडं गुंडाळून लहान करणं, नांगर टाकणं, सागरी नकाशा आणि भरती-ओहोटीचं कोष्टक वाचणं, एवढं तरी. हे येत नसेल तर ते मुलांना घरी ठेवून, रीतसर शिकवणाऱ्यांकडून शिका. मुलं आणि शिकणं एकाच सफरीत बसत नाही. घाई असेल तर अनुभवी कप्तानासह बोट भाड्याने घेणं हा उत्तम मार्ग आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. बोट भाड्याने घेताना कुठला परवाना लागतो हे प्रत्येक देशात वेगळं असतं, ते बुकिंगच्या आधी विचारून घ्या.

दुसऱ्या मोठ्या माणसाला निदान चार गोष्टी आल्या पाहिजेत: इंजिन सुरू करणं, शीड खाली घेणं, बोट थांबवणं आणि रेडिओवरून मदत मागणं. पाण्यात पडणारा माणूस बोट चालवणाराही असू शकतो.

मग एक सवय लावून घ्या. मुलांची जबाबदारी एकाकडून दुसऱ्याकडे जाताना ती तोंडाने बोलून द्यायची. ‘आता मुलं तुझ्याकडे.’ ‘हो, माझ्याकडे.’ समोरच्याने उत्तर दिल्याशिवाय आपण मोकळे झालो असं समजायचं नाही. पहिल्या दिवशी हे नाटकी वाटतं, तरी करा. ‘मला वाटलं तुझं लक्ष आहे’ हे वाक्य बोटीवर कोणालाच परवडत नाही. शक्य असेल तर एखादी आत्या, मामा किंवा मोठा भाचा बरोबर घ्या. तिसरं माणूस आलं की सगळी सफर मोकळी होते.

बोट कशी असावी

मुलांसाठी जड कील (बोटीच्या तळाखालचा, तिला उलटू न देणारा वजनदार कणा) असलेली, साधारण नऊ ते अकरा मीटरची बोट सोयीची. त्याहून मोठ्या बोटीत जागा मिळते, पण शिडांवरचा आणि दोऱ्यांवरचा ताण इतका वाढतो की एकट्याला ती आवरत नाही. कॉकपिट (बोट चालवायला बसायची उघडी जागा) खोल हवं, म्हणजे मूल उभं राहिलं तरी कडा त्याच्या छातीला लागावी. पुढचं शीड कॉकपिटमधूनच गुंडाळता यावं आणि ऑटोपायलट चालू अवस्थेत असावा. या दोन गोष्टी एकट्या माणसाचे हात मोकळे करतात.

कॅटामरान म्हणजे दोन सांगाडे शेजारी जोडून केलेली बोट. ती कलत नाही, म्हणून ती मुलांसाठी जास्त सुरक्षित असं अनेकांना वाटतं. जागा आणि स्थिरता खरीच मिळते. पण तिची डेक रुंद आणि सपाट असल्यामुळे मुलं सहज पुढे पळतात, आणि सुकाणूवरून पुढे दोन सांगाड्यांमध्ये ताणलेली जाळी नेहमी दिसत नाही. दोन्हींपैकी कुठलीही घ्या, फक्त तिचा धोका कुठे आहे हे आधी पाहून ठेवा.

बोटीच्या कडेने असलेल्या दोन तारांच्या मधून लहान मूल सहज निसटतं. तिथे जाळी बांधून घ्या, आणि ती प्लास्टिकच्या पट्ट्यांपेक्षा दोरीने, वर आणि खाली दोन्हीकडे विणून पक्की करा. जाळी खेळणी आणि चपला अडवते, घसरलेलं मूल थोपवते. ती आहे म्हणून नजर काढायची नाही.

लाइफ जॅकेट

खर्चात कुठे काटकसर करायची असेल तर ती इतरत्र करा. मुलाचं जॅकेट वयावरून घेऊ नका, वजनावरून घ्या. त्यावर किलोंचा पट्टा छापलेला असतो. ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून एक माप मोठं घेणं सर्रास चालतं आणि तेच सगळ्यात धोक्याचं, कारण सैल जॅकेट पाण्यात वर सरकतं आणि मूल त्यातून खाली निसटतं.

लहान मुलांचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं. म्हणून डोक्यामागे तरंगणारी कॉलर हवी, जी मुलाला उताणं करून तोंड पाण्याबाहेर ठेवेल. दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच हवा. कॉलरला वर उचलण्यासाठी मजबूत पट्टी आणि जॅकेटला शिटी हवी. जॅकेटवर न्यूटनमध्ये आकडा असतो. १०० न्यूटन म्हणजे साधारण दहा किलो वजन पेलण्याइतकी उचल. किनाऱ्यालगतच्या शांत पाण्यासाठी १००, जरा बाहेर जायचं असेल तर १५०. ५० न्यूटनची जाकिटं चांगलं पोहता येणाऱ्यांसाठी असतात. ती बेशुद्ध माणसाचं तोंड वर करत नाहीत, तेव्हा मुलांना ती या सफरीत नकोत. दंडात घालायचे हवेचे फुगे हे खेळणं आहे, त्याचा इथे विचारच नको.

आपोआप फुगणारी जाकिटं हलकी असतात, पण ती साधारण २० किलोंच्या वरच्या मुलांनाच मिळतात आणि आतल्या सिलिंडरची वेळोवेळी तपासणी लागते. त्याहून लहानांना फोमचंच बरं. ते जाड असतं, मूल कुरकुर करतं, पण ते नेहमी फुगलेलंच असतं.

जॅकेट घातल्यावर एक परीक्षा घ्या: सगळे पट्टे बांधून खांद्यांना धरून वर उचला. जॅकेट कानापर्यंत वर आलं तर ते बसत नाही. दुसरी परीक्षा पोहण्याच्या तलावात. मुलाला ते घालून उथळ पाण्यात उतरवा आणि ते कसं तरंगतं ते पाहा. त्यालाही ती अनुभूती घरगुती वातावरणात एकदा मिळते, त्यामुळे पुढे घाबरगुंडी उडत नाही.

नियम एकच ठेवा: तरंगत्या धक्क्यावर पाऊल टाकण्याआधी जॅकेट अंगावर, आणि पुन्हा जमिनीवर आल्यावरच खाली. धक्क्यावर पळताना बोट आणि धक्क्याच्या फटीत पडणं ही मोठी भीती आहे. तेव्हा बोट बांधलेली असते म्हणून सगळे निवांत असतात. मोठ्यांनीही जॅकेट घालायचं. मुलं सांगितलेलं नाही, पाहिलेलं करतात, आणि स्वतः बुडणारा बाप कोणाला वाचवू शकत नाही.

बोट चालू असताना कॉकपिटमधल्या मुलाला हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि सुरक्षादोरी लावा. दोरीचं टोक बोटीतल्या पक्क्या कडीला, आणि लांबी अशी की मूल कडेच्या तारांपलीकडे जाऊच शकणार नाही. केबिनच्या पायऱ्या चढताना पहिल्यांदा कडी लावायची, मग बाहेर पाऊल टाकायचं. हे फक्त कीलच्या जड बोटीसाठी. उलटू शकणाऱ्या छोट्या उघड्या होडीत मुलाला कधीही बांधू नका, ते सुटू न शकता पाण्याखाली अडकेल. त्याच कारणाने तान्ह्या बाळाला डेकवर खुर्चीत पट्ट्याने अडकवून ठेवणंही नको.

बोटीची ओळख

बोट ताब्यात घेतल्या दिवशी निघू नका. तो दिवस धक्क्यावरच घालवा. मुलांना हाताला धरून फिरवा आणि बोटं कुठे चेंगरतात ते दाखवा. बूम म्हणजे मुख्य शिडाखालचा आडवा दांडा वारा मागून असताना क्षणात या बाजूचा त्या बाजूला जातो, म्हणून त्याच्या वाटेत उभं राहायचं नाही. विंचवर (दोरी ओढायच्या चक्रावर) गुंडाळलेल्या ताणलेल्या दोरीला, नांगराच्या साखळीला आणि धक्क्याला दोरी बांधायच्या खुंट्याला हात लावायचा नाही. छतावरची झडप उघडी असेल तर त्यावरून चालणारं मूल सरळ खाली येतं, म्हणून चालत्या बोटीत झडपा बंद.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो बाहेर जात नाही, बोटीच्या तळाशी साठतो. वापर झाला की शेगडीचं बटण आणि सिलिंडरचा कॉक दोन्ही बंद. बोट चालू असताना उकळतं काही करूच नका, सकाळीच थर्मासमध्ये भरून ठेवा. शौचालयाच्या नळ्या अरुंद असतात. त्यात डायपर, ओले रुमाल, खेळण्याचे तुकडे गेले की सफर तिथेच थांबते. समुद्रात प्लास्टिक टाकण्यावर आंतरराष्ट्रीय मार्पोल कराराने पूर्ण बंदी आहे, म्हणून वापरलेल्या डायपरसाठी झाकणाची बादली लागते. ती विसरू नका.

मुलांसाठी नियम तीन-चारच ठेवा. फार नियम पाळले जात नाहीत. माझ्या मते एवढे पुरतात: जॅकेट काढायचं नाही, विचारल्याशिवाय कॉकपिट सोडायचं नाही, ‘खाली बस’ म्हटलं की कारण न विचारता लगेच बसायचं, आणि कोणी पाण्यात पडलं तर जीव तोडून ओरडायचं. शेवटच्या नियमाचा सराव मुलांना फार आवडतो. करू द्या.

मार्ग, वारा, भरती

इथे बहुतेक नवखे चुकतात, कारण नकाशावर अंतरं लहान दिसतात. कौटुंबिक बोट साधारण पाच नॉटने चालते. एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, आणि सागरी मैल १,८५२ मीटरचा. म्हणजे वेग ताशी नऊ किलोमीटरच्या आसपास. हिशोब मात्र चार नॉटने करा. लहान मुलं शिडाखाली दोन-तीन तास आनंदात राहतात, त्यानंतर सगळ्यांचाच धीर सुटतो. म्हणून दिवसाचा टप्पा दहा-बारा सागरी मैलांचा पुरे, आणि पहिल्या दिवशी त्याच्याही निम्मा.

हा हिशोब वारा बाजूने किंवा मागून असताना. जायचं ठिकाण वाऱ्याच्या तोंडावर असेल तर शिडाची बोट सरळ जात नाही. दोन्हीकडे ४५ अंशांनी नागमोडी गेलं तर अंतर जवळपास दीडपट होतं, बोट कलते, पाणी अंगावर येतं. शक्य तिथे दिवसाचा मार्ग वाऱ्याला काटकोनात किंवा वाऱ्याबरोबर ठेवा.

एक फसगत आधीच माहीत असू द्या. मागून १५ नॉटचा वारा आणि बोट पाच नॉटने पळते आहे, तर अंगाला दहाच नॉट लागतात. ऊन छान वाटतं, सगळे टी-शर्टवर. बोट वळवून परत फिरला की तोच वारा विशीच्या घरात लागतो, लाटा समोरून येतात आणि मुलं थंडीने कुडकुडतात. त्यामुळे मागून वारा घेऊन दूर जायचं आणि त्याच दिवशी परत यायचं, असा बेत नको.

किती वाऱ्यात निघायचं? वाऱ्याच्या ब्यूफोर्ट मापावर तीन, म्हणजे सात ते दहा नॉट, हा कुटुंबाचा वारा. चार म्हणजे ११ ते १६ नॉट. त्यात पांढऱ्या फेसाच्या लाटा वरचेवर दिसायला लागतात, आणि एक रीफ घेऊन, वारा मागून किंवा बाजूने असेल तरच पहिल्या सफरीत निघावं. अंदाजात पाच असेल तर बंदरात राहा आणि वाळूत खेळा. बोट १५ अंशांपेक्षा जास्त कलू देऊ नका. शीड वेळेआधी लहान केलं तर थोडा वेग जातो, दुसरं काही जात नाही.

उन्हाळी हवामानात किनाऱ्याजवळ वाऱ्याचं वेळापत्रक बरंच ठरलेलं असतं. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून वारा आत येतो. तो उशिरा सकाळी सुरू होतो, दुपारी जोर धरतो, संध्याकाळी पडतो. म्हणून सकाळी लवकर निघा आणि दुपारच्या जेवणापर्यंत नांगर टाका. मुलांना उरलेली दुपार मिळते आणि तुम्हाला अनोळखी खाडीत उजेडी शिरता येतं.

भरती-ओहोटी मोठी असलेल्या किनाऱ्यावर वेळ वारा ठरवत नाही, पाणी ठरवतं. बहुतेक ठिकाणी एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण बारा तास पंचवीस मिनिटं जातात. पाणी सारख्या वेगाने चढत-उतरत नाही. सहा तासांचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, मग दोन, तीन, तीन, दोन आणि शेवटी एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी हलतं आणि प्रवाह तेव्हाच सर्वांत जोरात असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती. पहिल्या सफरीला भांगाचे दिवस निवडले तर प्रवाह सौम्य मिळतात. आणि प्रवाह एका दिशेने, वारा त्याच्या समोरून, असा योग आला की मध्यम वाऱ्यातही लाटा उंच, आखूड आणि उभ्या होतात. भूशिरांजवळ आणि नदीमुखांशी हे जास्त होतं. तिथून जाण्याची वेळ कोष्टक पाहूनच ठरवा.

प्रत्येक टप्प्याच्या अर्ध्या वाटेवर शिरता येईल असं एक बंदर नकाशावर खूण करून ठेवा. आणि सफरीत एक दिवस मोकळा ठेवा. ‘सोमवारी कामावर हजर व्हायचंच आहे’ या दडपणाखाली माणसं नको त्या वाऱ्यात मुलांना घेऊन निघतात. परतीच्या बंदराला रस्ता असेल तर एकाने मुलांना घेऊन गाडीने जाणं आणि बोट नंतर आणणं हाही पर्याय आधीच बोलून ठेवा.

निघताना आणि वाटेत

डोळ्यांना केबिनच्या स्थिर भिंती दिसतात आणि कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं की आपण हलतो आहोत. या विसंगतीतून बोट लागते. दोन वर्षांखालच्या बाळांना ती सहसा लागत नाही. दोन ते बारा या वयात मात्र जास्त लागते. लहान मूल ‘मळमळतंय’ म्हणेलच असं नाही. ते गप्प होतं, जांभया देतं, पांढरं पडतं. तेव्हाच त्याला बाहेर मोकळ्या हवेत, बोटीच्या मध्यभागी बसवा आणि क्षितिजाकडे पाहायला सांगा. पुस्तक, मोबाइल, चित्रं रंगवणं बंद. केबिनमध्ये बसून राहणं सर्वांत वाईट. आत जावंच लागलं तर आडवं होऊन डोळे मिटायचे. औषध देणार असाल तर बालरोगतज्ज्ञांना विचारूनच, आणि ते निघण्याआधी द्यावं लागतं, उलटी सुरू झाल्यावर उपयोग होत नाही. काही मुलांना त्याने झोप येते, काही उलट चेकाळतात, म्हणून एकदा घरी देऊन पाहा. मोठ्यांच्या कानामागे लावायच्या पट्ट्या मुलांना लावू नका.

खाणं थोडं, कोरडं, एका हाताने खाता येईल असं, आणि वारंवार. पाणी माणशी दिवसाला दोन-तीन लिटर धरा आणि त्यावर एक दिवसाचं जादा ठेवा.

ऊन वरून येतं तसं पाण्यावरून परावर्तित होऊनही येतं, त्यामुळे छताखालीही चटका बसतो. लांब बाह्यांचे कपडे, हनुवटीखाली बांधायची टोपी, एसपीएफ ३० किंवा त्यावरचं क्रीम दर दोन तासांनी. सहा महिन्यांखालच्या बाळाला सावलीतच ठेवा. ऊन असूनही थंडी वाजते हे विसरू नका. वजनाच्या मानाने मुलांच्या अंगाचा पृष्ठभाग मोठा असतो, त्यामुळे ती मोठ्यांपेक्षा लवकर गार पडतात. भिजलेले कपडे लगेच बदला. प्रत्येकाचे दोन कोरडे जोड पाणी न शिरणाऱ्या पिशवीत असू द्या. ओठ निळसर झाले, बडबड थांबली की आत नेऊन गुंडाळा.

कंटाळ्यावर उपाय म्हणजे काम, आणि काम खरं हवं. चार वर्षांचं मूल मासेमारीच्या जाळ्यांचे तरंगते गोळे शोधू शकतं, त्याची तीक्ष्ण नजर तुमच्या इंजिनाच्या पंख्याला दोरी अडकण्यापासून वाचवते. सहा-सात वर्षांच्या मुलाला नकाशावर बोट ठेवून पुढची खूण सांगायला द्या. समुद्रातल्या खुणांची भाषा मुलं भराभर उचलतात. जगाच्या बहुतेक भागांत समुद्राकडून बंदरात शिरताना लाल खुणा डावीकडे आणि हिरव्या उजवीकडे ठेवायच्या. अमेरिका खंड, जपान, कोरिया आणि फिलिपिन्समध्ये याच्या बरोबर उलट. दर तासाला वेळ, वेग, वारा वहीत लिहिण्याचं काम आठ वर्षांच्या मुलाकडे असेल तर त्याची वही अडचणीत तुम्हालाही उपयोगी पडते.

मोठ्या जहाजांपासून दूर राहा. शिडाच्या बोटीला इंजिनाच्या बोटीने वाट द्यायची हा नियम खरा, पण अरुंद जलमार्गात फक्त तिथूनच जाऊ शकणाऱ्या जहाजाला शिडाच्या किंवा वीस मीटरखालच्या बोटीने अडथळा करायचा नाही, हाही नियमच आहे. समोरचं जहाज जवळ येत असताना त्याची दिशा तुमच्या होकायंत्रावर बदलतच नसेल तर टक्कर होणार आहे असं समजून वेळेवर आणि ठळकपणे वळा.

नांगर टाकल्यावर

भरतीच्या वेळची खोली धरा, त्यात पाण्यापासून बोटीच्या पुढच्या टोकाची उंची मिळवा, आणि सगळी साखळी असेल तर त्याच्या किमान चौपट सोडा. दोरी जास्त असेल तर सातपट. मग इंजिन मागे चालवून नांगर रुतल्याची खात्री करा. या वेळी मुलं कॉकपिटमध्ये, दुसऱ्या मोठ्या माणसाजवळ.

पोहायला उतरण्याआधी इंजिन बंद आणि किल्ली खिशात. इंजिन किंवा जनरेटर चालू असताना बोटीच्या मागच्या शिडीजवळ थांबू देऊ नका, कारण पंख्याच्या धोक्याबरोबरच तिथे कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो. केबिनमध्ये त्याची सूचना देणारं यंत्र आहे का ते बोट घेतानाच पाहा. पोहण्याचे कपडे भडक रंगाचे घ्या: केशरी, पिवळे, गुलाबी. निळा आणि पांढरा रंग पाण्यात दिसेनासा होतो. आधी एक मोठा माणूस उतरून प्रवाह किती आहे ते बघेल, मग मुलं. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही आणि हातही हलवत नाही, म्हणून पाण्यातल्या मुलांवर एकाची नजर सतत हवी आणि त्या माणसाच्या हातात दुसरं काही नको.

किनाऱ्यावर नेणारी छोटी रबरी डिंगी ही सफरीतली सर्वांत बेभरवशाची गोष्ट आहे. सगळे जॅकेट घालून, तळाशी बसून, वजन सारखं वाटून. चालवणाऱ्याने इंजिन बंद करणारी दोरी पायाला अडकवायचीच. काळोखात मुलांना घेऊन डिंगी नको, रात्रीचं जेवण बोटीवरच होऊ दे.

झोपण्याच्या जागेला कापडी आडोसा बांधा, म्हणजे मूल गडगडत नाही. खरी काळजी पहाटेची. मुलं तुमच्याआधी उठतात आणि जॅकेटशिवाय बाहेर येतात. रात्री केबिनच्या दाराची फळी लावून घ्या आणि एका मोठ्याने पायऱ्यांजवळ झोपा. बोटीचं दार उघडताना आवाज होईल असं काहीतरी त्याला बांधून ठेवा.

कोणी पाण्यात पडलं तर

हा सराव पहिल्याच शांत दिवशी, दोरीने बांधलेला फेंडर (धक्का बसू नये म्हणून बोटीच्या कडेला लावायचा फुगा) आणि बादली पाण्यात टाकून करा, आणि एकाच मोठ्याने करून पाहा, कारण दुसरा पाण्यात आहे असं समजायचं आहे. क्रम असा: मोठ्याने ओरडा, तरंगणारं काहीही लगेच फेका, जीपीएसवरचं माणूस पडल्याचं बटण दाबा, बोट वाऱ्याच्या तोंडावर आणून थांबवा. कळत्या वयाच्या मुलाने जागेवरून न हलता पडलेल्याकडे सतत बोट दाखवत राहायचं, कारण लाटांमध्ये डोकं नजरेआड व्हायला क्षण पुरतो. इंजिन सुरू करण्याआधी पाण्यात दोरी लोंबत नाही ना ते पाहा, आणि जवळ पोचल्यावर गिअर न्यूट्रलमध्ये. वर ओढून घेणं सर्वांत कठीण असतं, त्यासाठी शिडी किंवा दोरीचा फास आधीच तयार हवा.

मदतीसाठी मोबाइलवर विसंबू नका. व्हीएचएफ रेडिओवर (बोटीवरच्या बिनतारी संचावर) चॅनल १६ वर बोललेलं आसपासच्या सगळ्या बोटींना ऐकू जातं. रेडिओला डीएससी, म्हणजे एका बटणाने संकटाचा संदेश पाठवायची सोय, असेल तर झाकण उचलून लाल बटण काही सेकंद दाबून धरायचं. रेडिओ जीपीएसला जोडलेला असेल तर बोटीचं ठिकाणही आपोआप जातं. मग ‘मेडे’ ही संकटाची हाक तीनदा, बोटीचं नाव तीनदा, ठिकाण, काय झालं, एकूण माणसं किती, त्यात मुलं किती. हे सगळं एका कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून रेडिओशेजारी चिकटवा. घाबरल्यावर स्वतःच्या बोटीचं नावही आठवत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाला हे बटण कुठे आहे, कधी दाबायचं आणि कधी नाही, हे शिकवून ठेवा. जमिनीवरच्या एका माणसाला रोजचा मार्ग आणि पोचण्याची वेळ कळवा, आणि पोचल्यावर निरोप द्यायला विसरू नका, नाहीतर विनाकारण शोध सुरू होईल.

परत आल्यावर

जाकिटं आणि हार्नेस गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. मीठ राहिलं तर बकलं अडकतात. फुगणाऱ्या जाकिटांचे सिलिंडर घट्ट आहेत का ते पाहा. मुलांनाच विचारा, कुठला टप्पा लांब वाटला आणि कशाची भीती वाटली. पुढच्या मार्गाची लांबी त्यावरून ठरवा. आणि पुढच्या सफरीआधी प्रत्येकाचं वजन पुन्हा करा, कारण गेल्या वेळी नीट बसलेलं जॅकेट आता त्याच्या मापाचं राहिलेलं नसेल.